पिंपावरचं वजन

१२ जानेवारी

तीर्थरूप साहेबांस,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मध्ये तुमच्या घरच्या ताईंना ओरडून सांगावं लागतं, म्हणून आपलं पत्रच बरं. 'तीर्थरूप' बापाला लिहितात हे मला ठाऊक आहे. माझा बाप मी चौथीत असताना गेला, त्यामुळे तो शब्द माझ्याकडे नवाकोरा पडून होता. नोकरीला लागलो आणि तो तुम्हाला वापरायला काढला. छत्तीस वर्षं झाली, अजून झिजलेला नाही.

तुमच्या ऐंशीचा कार्यक्रम पंधरा मार्चला पक्का झाला. वजनमापे कार्यालयात सध्या दुसरा विषय नाही. तुमच्या आठवणींच्या पुस्तकाची छापील पानं तपासायला माझ्याकडेच आली, कारण साहेबांचं अक्षर फक्त मलाच लागतं असा इथे समज आहे. रविवारचा दिवस त्यातच घालवला. मी कुठे आहे ते आधी शोधलं, खोटं कशाला बोलू! पान एकोणीस : 'सोबत एक सहायक असे.' गाव तुम्हाला काटेसाहेब म्हणायचं आणि मला काटेसाहेबांचं शेपूट. शेपटाला अख्खी ओळ मिळाली म्हणजे चंगळच झाली.

मग पान एकेचाळीस. ते मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय : 'अचानक तपासणीत सख्ख्या थोरल्या भावाचे वजन सहा ग्रॅम हलके सापडताच माझ्या एका सहायकाने त्यालाही सोडले नाही. तो लबाड दुकानदार पुढे खचला. पण खात्याची मान उंच राहिली.' साडेतीन ओळी आहेत. मी केलं ते बरोबरच केलं, त्यात मागेपुढे काही नाही. फक्त 'लबाड' एवढा शब्द काढता येईल का? दादा गेला, पण वहिनी आहे. तिची नात आता धडाधड वाचते, आणि पुस्तक गावात घरोघरी जाणार.

दुसरं असं की आपला जुना पितळी संच मंचावर मांडायचा आहे. तोच, ज्याच्याशी ताडून आपण अख्ख्या गावाची वजनं पास-नापास केली. प्रत्येकाखाली चिठ्ठी लावायची आहे, म्हणून नेमकं वजन हवंय. सोमवारी नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. हात धुऊन, हातमोजे घालून, तुम्ही शिकवलंत तसंच.

तब्येतीला जपा.

आपला,
शेपूट


१९ जानेवारी

तीर्थरूप साहेबांस,

नमस्कार. कारण तसं किरकोळ आहे.

संचातली बाकीची वजनं अगदी जागच्या जागी आहेत. एक किलो, दोन किलोची जोडी, सगळी. फक्त पाच किलोचं सहा ग्रॅम जास्त भरतंय. अकरा वेळा ठेवून पाहिलं. पंखा बंद केला, टेबल बदललं, काटा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून आणलं. तो म्हणाला, काका, काटा ठीक आहे, तुम्ही पाणी प्या.

उलटं करून पाहिलं तर बुडाला रुपयाएवढी गोल जागा आहे. आत शिसं भरलंय आणि वरून पितळी रंग दिलाय. तुमच्या काळात हे वजन कधी पडलं होतं का? की तुम्ही निवृत्त झाल्यावर कपाटाच्या हलवाहलवीत कुणी उद्योग केला? किल्ली माझ्याकडेच असते म्हणा, पण माणूस कधीतरी रजेवर जातो.

चिठ्ठीवर तूर्त 'पाच किलो' एवढंच लिहितो. आणि पान एकेचाळीसबद्दल मागच्या पत्रात काही म्हटलं होतं, ते सध्या तसंच राहू द्या. आधी याचं उत्तर पाठवा.

आपला,
शेपूट


३ फेब्रुवारी

साहेब,

तुमचं कार्ड मिळालं. 'वयोमानाने नीट आठवत नाही. असल्या बारीकसारीक गोष्टींत वेळ घालवू नकोस. मंचावर खुर्च्या किती आहेत?' खुर्च्या सात आहेत.

बुडाचा रंग मी नखानं खरवडला. नखानं जाईना म्हणून चाकू घेतला. खाली शिक्का निघाला. वर्षाचे दोन आकडे, तिमाहीचं अक्षर आणि मधोमध तुमचा नंबर. सात.

साहेब, दुसरा कुणी असता तर शिसं भरून, रंग फासून गप्प बसला असता. तुम्हाला ते जमलं नाही. उघडं शिसं दिसलं की त्यावर शिक्का मारल्याशिवाय तुमचा हात राहायचाच नाही. बाजारात चालता चालता कुणाचं बिनशिक्क्याचं वजन दिसलं तरी तुमची बोटं खिशात चाळवायची, मी पाहिलंय. लपवाछपवी करतानाही तुम्ही तारीख टाकून ठेवलीत. तुम्हीच शिकवलेल्या माणसाला ती वाचता येणार नाही असं कसं वाटलं तुम्हाला?

ती तिमाही मला चांगली आठवते. माझी मुलगी झाली म्हणून मी आठ दिवस रजेवर होतो. परत आलो तर तुम्ही लंगडत होतात. डाव्या पायाच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. म्हणालात, दगडाला ठेचकाळलो. महिनाभर पेटी मी उचलायचो आणि बसमध्ये तुमच्या पायाला धक्का लागू नये म्हणून आडवा उभा राहायचो. तो दगड पितळेचा होता आणि पाच किलोचा होता, हे आज कळतंय. पडून त्याचा टवका उडाला असणार. तुम्ही तो शिशानं भरून काढलात आणि शिसं जास्त पडलं.

आणि पुढच्याच तिमाहीत दादा.

दादाबद्दल मी तुमच्याशी कधी बोललो नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत. बाप गेला तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. शाळा सोडून धान्याच्या दुकानात बसला आणि मला शिकवलं. माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा तो दुकानातून उठून रस्त्यात आला होता आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना सांगत होता, 'आमच्या धाकट्याला सरकारनं काटा दिला.'

त्या दिवशी मी त्याच्या गल्लीत तपासणीला गेलो, तेव्हा तो गालात हसत होता. 'या साहेब,' म्हणाला, 'बसायला काय देऊ?' मी आपलं वजन एका पारड्यात ठेवलं, त्याचं दुसऱ्यात. त्याचं वर गेलं. सहा ग्रॅम हलकं.

'असं कसं होईल?' दादा म्हणाला. 'सासऱ्यांनी दुकान बंद केलं, त्यांची वजनं आणलीत मी. त्यांच्या गावच्या ऑफिसचा शिक्का गेल्या महिन्यातला आहे, हा बघ.' मी पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग त्यानं आवाज खाली आणला. 'अरे, तुझंच वजन तपासून आण एकदा. मी कुठे पळून जातोय?'

मी ऑफिसात आलो आणि हे जसंच्या तसं तुमच्या कानावर घातलं. तुम्ही चष्मा काढला. पुसलात. पुन्हा पुसलात. तेव्हा मला वाटलं, माझं दुःख पाहून साहेबांचे डोळे भरून आले. मग म्हणालात, 'दुकानदारानं म्हटलं म्हणून आपण प्रमाणावरच शंका घ्यायला लागलो, तर मग हातात काय राहील रे? जा. भाऊ म्हणून सोडलास तर उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस.'

मी गेलो. दादाच्या वजनावरच्या शिक्क्यावर छिन्नीनं फुली मारली. तो बघत होता. 'झालं?' म्हणाला. मी म्हटलं, 'झालं.' आमचं शेवटचं बोलणं तेवढंच.

पेटीत एक किलो होतं, दोन किलोची जोडी होती. दोन, दोन आणि एक या पारड्यात ठेवायचे, तुमचं पाच त्या पारड्यात. पाच मिनिटांचं काम. पण मी ते केलं नाही, कारण तुम्ही चष्मा पुसला होतात.

आता सगळं उमगतंय. गावातला प्रत्येक दुकानदार शिक्क्यासाठी आपल्याकडेच यायचा. दुरुस्तीवाला त्यांची वजनं आपल्या वजनाबरोबर करायचा, म्हणजे सहा-सहा ग्रॅम जड करायचा. सगळं गाव चुकीचं आणि एकमेकांशी तंतोतंत जुळलेलं. बरोबर वजन एकाच माणसाकडे होतं आणि त्याला आपण पकडलं.

सहा महिन्यांत त्यानं दुकान बंद केलं. पेपरात नाव आलं होतं, गिऱ्हाईक फिरकेना. भाजी आणायला गेला की काट्याकडे बघायचाच नाही, मान दुसरीकडे वळवून उभा राहायचा, असं वहिनी सांगायची. दोन वर्षांत गेला. तुम्ही लिहिलंय 'खचला'. शब्द बरोबर निवडलात.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. पान एकेचाळीसवर खरं काय ते लिहा. आणि पंधरा मार्चला मी वहिनीला घेऊन येईन. सगळ्या गावासमोर तिला एक वाक्य म्हणा : 'तुमच्या नवऱ्याचं वजन बरोबर होतं.' पाच शब्द आहेत. मी मोजले.

तुमचा सहायक


१४ फेब्रुवारी

साहेब,

तुमचं उत्तर नाही. मी मोठ्या ऑफिसला रीतसर अहवाल पाठवला होता, त्यांचं मात्र आठ दिवसांत आलं. 'सदर संच वापरात नसल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' आपले आत्ताचे साहेब मला केबिनमध्ये बसवून म्हणाले, 'काका, तुमच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत, काटेसाहेबांचं वय बघा, आणि सहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ हो.' मी म्हटलं, याच चिमूटभरासाठी मी तुमच्या खात्यात माणूस बुडवलाय. ते म्हणाले, चहा घ्या.

काल वहिनीकडे गेलो. आमच्या घरांत दोन गल्ल्यांचं अंतर आहे. सत्तावीस वर्षांत मी ते तीनदा चाललोय, त्यातलं एकदा दादा गेला तेव्हा, आणि त्या दिवशीही दारातच उभा होतो. दोन खोल्या आहेत तिच्या. मागच्या खोलीत पाण्याचं पिंप आहे, आणि पिंपाच्या झाकणावर दादाचं वजन. खात्यानं ते परत दिलं तेव्हापासून तिथेच आहे म्हणे. फुली वर आहे. झाकण सैल आहे, वाऱ्यानं उडतं.

'वाट चुकलात का भाऊजी?' वहिनी म्हणाली.

'वहिनी, हे वजन थोडे दिवस नेऊ का?'

'का? अजून एक फुली मारायची राहिलीय?'

तिनं माझ्याकडे बघितलं, वजन उचलून पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. झाकणावर दोन विटा ठेवल्या. 'आणून द्या मात्र,' म्हणाली. 'विटांनी झाकण तिरकं बसतं.'

ऑफिसात आणून नव्या काट्यावर ठेवलं. पाच किलोला दोन दशांश ग्रॅम कमी. सत्तावीस वर्षं ओलीत राहून एवढीच झीज. मग जुना काटा काढला. एका पारड्यात दादाचं, दुसऱ्यात संचातले दोन, दोन, एक. काटा मधोमध उभा राहिला. घड्याळ लावून बसलो होतो. पाच मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी वहिनीचा निरोप आला, काय निघालं म्हणून. मी कळवलं, अजून बघतोय, पंधरा मार्चपर्यंत राहू द्या. बघायचं काय राहिलं होतं? पण तिला सांगायला माझं तोंड उघडेना. ते वाक्य तुम्ही म्हणावं, माझ्या तोंडून नको, असा माझा हट्ट आहे. मी फुली मारणारा. मी म्हटलं तर त्याला काय किंमत?

पाच शब्द, साहेब. वाट बघतोय.


२ मार्च

साहेब,

तुमचं दोन पानी पत्र आलं. अक्षर कापतंय, पण लागलं मला. नेहमीसारखं.

कबूल केलंत, बरं झालं. घाईत शिसं जास्त पडलं, म्हणता. महिन्यानं लक्षात आलं, तोवर दोनशे दुकानांना शिक्के गेले होते. उघड केलं असतं तर लोकांचा खात्यावरचा विश्वास उडाला असता. दर दोन वर्षांनी पेटी जिथे तपासणीला न्यायचात, तिथल्या मित्रानं डोळे झाकून सही केली. म्हणून त्या फेरीला मला कधी बरोबर नेलं नाहीत. मला वाटायचं, एवढी मौल्यवान पेटी साहेब दुसऱ्याच्या मांडीवर देत नाहीत. मी बायकोला कौतुकानं सांगायचो.

'तुझ्या भावाच्या वेळी मला फार वाईट वाटले.' हे वाक्य तुम्ही कसं लिहिलंत ते मला खरंच जाणून घ्यायचंय. वाईट वाटत असताना तुम्ही मला छिन्नी आणायला पाठवलंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, 'हा माझा खरा माणूस.' त्या हातावर मी सत्तावीस वर्षं जगलो. दादाची आठवण आली की तो हात आठवायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. लोक देवापुढे हात जोडतात. मी पेटी उघडण्याआधी हात धुवायचो, त्यात सगळं आलं.

आणि शेवटी लिहिलंत, 'पान ४१ दुरुस्त केले आहे.' मी छापखान्यात धावत गेलो. पायात चप्पल वेगवेगळी होती, ते तिथे गेल्यावर कळलं. पान उघडलं. साडेतीन ओळी काढल्या आहेत. त्यांच्या जागी काहीही नाही. वरचा परिच्छेद खालच्याला आणून जोडलाय, सांधाही दिसत नाही. एकोणिसाव्या पानावरची माझी ओळही गेली.

ही दुरुस्ती झाली? तुमच्या पुस्तकात दादा लबाड होता, पण होता तरी. आता तो साडेतीन ओळींचाही राहिला नाही. तुम्ही एकटेच पेटी घेऊन अख्खं आयुष्य फिरलात. सोबत कुणी नव्हतं. कुणी खचलं नाही.

आता माझं काय झालंय ते ऐका. भाजीवाली तोलून देते आणि मला हसू येतं. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून आकडा सांगितला, मी विचारलं, हे यंत्र कशाशी ताडलंय? ते म्हणाले, कंपनीकडून आलंय. भिंतीवरचं घड्याळ, नातवाची शाळेतली फूटपट्टी, सगळ्याच्या मागे कुठेतरी एक माणूस चष्मा पुसत उभा आहे असं वाटतं. मुलगी म्हणते, बाबा, एका वजनावरून असं करतात का? मी म्हटलं, माझ्याकडे एकच होतं. खरं-खोटं असं काही नसतंच, साहेब. पेटी कुणाच्या कपाटात आहे एवढंच असतं. हे मी चिडून म्हणत नाही. चिडायला आत काहीतरी उरावं लागतं.

तुमच्या पत्राची शेवटची ओळ : 'चार वर्षांनी नवा संच आला, तेव्हा तुला कळलेच असेल असे मी धरून चाललो होतो. तू काही बोलला नाहीस.'

नाही. मला कळलं नव्हतं. त्या वर्षी नव्या वजनाशी गावातलं प्रत्येक वजन जड निघालं, हे खरं. तुम्ही हसून म्हणालात, 'आपल्या गावचे व्यापारी भलतेच दिलदार निघाले!' सगळे हसले. मीही हसलो. त्यात कळण्यासारखं काय होतं? मला कळलं नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं, पण शपथ कशाची घेऊ, ते सुचत नाही.

पंधरा मार्चला या. अजून वेळ आहे.


१७ मार्च

सोबत दोन वस्तू आहेत. एक तुमचा फोटो. दुसरी कागदात गुंडाळलेली, ती नंतर उघडा.

तुम्ही सगळं पाहिलंत, तरी लिहितो, कारण तुम्हाला पुढे 'वयोमानाने आठवत नाही' होईल. कार्यक्रमाआधी अर्धा तास मी मंचावर गेलो. शोभेसाठी मांडलेल्या जुन्या काट्याची पारडी रिकामी होती. डाव्यात तुमचं पाच किलो ठेवलं, उजव्यात दादाचं, फुली लोकांच्या बाजूला करून. डावं पारडं खाली गेलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवरून म्हणाल्या, 'मांडणी किती बोलकी आहे पाहा!' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी चौथ्या रांगेत होती. धुतलेलं पातळ नेसून आली होती. तिला मी फक्त 'या' म्हटलं होतं.

सात खुर्च्यांवरचे सातही जण बोलले. तुम्ही शेवटी उठलात. हात कापत होते, आवाज मात्र तसाच. विश्वास या विषयावर बोललात. मला प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता. वहिनीकडे बघायचो, तुमच्याकडे बघायचो. मग तुम्ही बसलात.

फोटोवाला तुम्हाला काट्याजवळ घेऊन आला. 'साहेब, हा जरा वाकडा दिसतोय,' तो म्हणाला. 'सरळ होईल का?' तेव्हा तुम्ही पहिल्यांदा पारड्यांत पाहिलंत. फुली पाहिलीत. मान वर करून मला शोधलंत आणि मी सापडलो. मी तिथेच पायरीशी उभा होतो. त्या क्षणीही, एवढं सगळं होऊन, माझा तुमच्यावर विश्वास होता. ते लिहिताना माझीच मला लाज वाटते.

तुम्ही बोट पुढे केलंत आणि डाव्या पारड्याखाली धरलंत. काटा मधोमध आला. फोटो निघाला. नीट बघा, बोट दिसतंय.

सभागृह रिकामं झाल्यावर वहिनी मंचावर आली. पारड्यातून तिचं वजन उचलून पिशवीत टाकलं. 'झालं ना तुमचं?' म्हणाली. दादाचा शब्द. मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि आम्ही चालत निघालो. ती पुढे, मी मागे.

दोन गल्ल्यांत मी तिला सगळं सांगितलं. अंगठा, शिसं, शिक्का, तुमचं पत्र. मग तेही सांगितलं, जे तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं नाही. नवा संच आला त्या वर्षी तिसऱ्या दुकानातच माझ्या हाताला घाम फुटला होता. जड, सहा ग्रॅम. चौथ्या दुकानात सहा. पाचव्यात सहा. तो आकडा मी विसरेन कसा? दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता कळून काय उपयोग, असं मनाशी म्हटलं, पेटी बंद केली, आणि तुम्ही विनोद केलात तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तुम्ही धरून चाललात ते बरोबरच होतं. मला कळलं होतं, साहेब. कळलेलं मी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात. तुमचा खरा माणूस.

वहिनी थांबली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर मारेल. दोन्ही चाललं असतं.

'मला हे सत्तावीस वर्षं माहीत आहे, भाऊजी,' ती म्हणाली.

'कुणी सांगितलं?'

'कुणी म्हणजे? त्यांनी. त्या दिवशी जेवताना म्हणाले, माझं वजन बरोबर आहे. मी म्हटलं, बरं.' पुढे चालायला लागली. मग मागे न बघता म्हणाली, 'तुम्हाला काट्यानं सांगितलं तेव्हा पटलं. तेही दोनदा सांगावं लागलं.'

कागदातली वस्तू आता उघडा. वजनाच्या बुडातलं शिसं आहे. काल कोरून काढलं. तुमचा शिक्का त्यावर शाबूत आहे. मोठ्या ऑफिसला ते नको आहे, छापखान्याला नको आहे, मलाही नको. किती भरतं ते मी पाहिलेलं नाही. हातमोजेही घातले नव्हते.

घरी पोचल्यावर वहिनी पुढच्या खोलीत थांबली. मी मागे जाऊन विटा काढल्या आणि वजन झाकणावर ठेवलं.

'नीट बसलं का हो?' तिनं बाहेरून विचारलं.

मी सवयीनं वाकलो. एका बाजूनं बघितलं, वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बघायला निघालो.

'बघत काय बसलात?' ती म्हणाली. 'तोंडानं सांगा.'

'बसलं,' मी म्हटलं.

'बरं,' वहिनी म्हणाली.